सहा बाय आठची हद्द

पहिले एक सांगते, दोडका माझा होता. शामरावकाका गल्लीभर काय पाहिजे ते सांगून राह्यले, सांगू द्या, पन दोडका माझा होता. आता चहा घ्या अन् मधात बोलू नका पोरींनो, क्लास सुरू व्हाले अजून अर्धा तास हाये आनि गोष्ट मोठी हाये.

आमच्या घरामागं जी रिकामी जागा हाये ना, तिथी मागच्या वर्षी मी बाग केली होती. पुरी जागा. वांगे, टमाटे, भेंडी, सारं. अन् ज्या दिवशी पहिलं वांगं तोडाचं ठरलं, त्याच सकाळी माकडं आले. एक-दोन नाई, लग्नाले आल्यासारखे लेकराबाळासहित आले. त्यातला एक म्हातारा मोटरपंपावर बसून माझा टमाटा खात खात माझ्याकडं पाहून राह्यला, जशी मी त्याले वाढाले उभी हाये. बाबा दारात चहा पीत होते. कप धुतला, ठेवला, अन् म्हनले, "सुनयना, पुढच्या वर्षी इथी पुरी फरशी. कॉन्क्रीट. विषय संपला."

आमचे बाबा म्हनजे केशवराव सर्वेअर, तुमाले मालूमच हाये. पस्तीस वर्षं साखळी घेऊन लोकायच्या जमिनी मोजल्या. त्यायचा विषय संपला की संपला. फकिरा मिस्त्रीले सांगून झालं, गिट्टीही येऊन पडली दारात. पन मी काय गप बसनारी हाये? मी म्हनलं, "पुरी नका देऊ. सहा फूट बाय आठ फूट द्या. एक रुपयाची बी विकत आननार नाई. मागच्या वर्षीच्या उरलेल्या बियांवरच करते."

बाबा हसले. ते हसनं मले लागलं. ग्रुप्सची, सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करनाऱ्या पोरीनं हसनं सहन करावं का? नाई करावं.

उरलेल्या बिया बिस्किटाच्या डब्यात होत्या. अर्धे पुडके रबर लावलेले, अर्धे उघडे, सारे एकमेकात सांडलेले. मी ग्राफपेपर घेतला, रंगीत पेन घेतले, रांगा पाडल्या. पहिली रांग मेथी, दुसरी पालक, तिसरी कोथिंबीर. बी कोनती कशाची हे काही समजत नव्हतं, म्हनून मी अंदाजानं ठरवलं. काळी म्हनजे पालक असंल, पांढरी म्हनजे काहीतरी चांगलं असंल. प्लॅन असा सुंदर झाला का मी त्याले भिंतीवर चिकटवला. चूक इथीच झाली. भिंतीवर चिकटवलेली गोष्ट शामरावकाकाले दिसते.

शामरावकाका म्हनजे आमच्या पश्चिमेचे शेजारी. बँकेतून रिटायर झाले तवापासून पुऱ्या गल्लीचे सल्लागार हायेत, पगार नाई म्हनूनच काम थांबत नाई त्यायचं. ते म्हनले, "पोरी, माती तपासली का?"

"नाई."

"मंग झालं! आंधळा कारभार!"

आता असं कोनी म्हनलं तं मानूस काय करंल? मी अर्धा किलो माती पिशवीत भरली अन् एका कचेरीत गेली. नाव नाई सांगत. तिथी एक सारू, म्हनजे सायब, कॉम्प्युटरसमोर बसले होते. म्हनले, "पासबुक?"

म्हनलं, "सारू, घरामागची जागा हाये, पासबुक कायचं?"

"कितना एकर?"

"अठ्ठेचाळीस चौरस फूट."

त्यायनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मंग कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. "अम्मा, ये एक गुंठा के नीचे लेता नही." अन् टाकला एक गुंठा! पुढचा खाना पिकाचा. त्यात भाजी हा शब्दच नव्हता. सारू म्हनले, खाली नही छोड सकते, अन् टाकली पत्ती. पत्ती म्हनजे कापूस! सहा बाय आठमधी! मी कागद घेऊन अशी खुशीत घरी आली का जशी सिलेक्शन लिस्ट हाये.

बाबानं कागद वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मंग उभे राह्यले. "माझ्या घरात बोगस नोंद? मी पस्तीस वर्षांत कोनाचा चार बोटं बांध सरकू देला नाई, अन् माझ्या पोरीच्या नावावर एक गुंठा कापूस?"

मंग सुरू झाली त्यायची दरख्वास्त. नोंद काढून टाकाची दरख्वास्त. एक खेप सारू मीटिंगले, दुसरी खेप कॉम्प्युटर बंद, तिसऱ्या खेपेले सारू म्हनले नोंद निघते, पन पीक काढल्यावर निघते. पीकच नाई तं काढू काय? बाबा चौथ्या खेपेले गेले तवा नोंद निघाली. तोवर आषाढ निघून गेला होता. मातीचा रिपोर्ट म्हनाल तं तो आजलोक आला नाई. ती माती तिथीच एका कोपऱ्यात हाये. माझी जागा एवढीशी, अन् त्यातली अर्धा किलो तिथी जमा.

पन त्या अपमानानं एक झालं. बाबा म्हनले, आता जे होईल ते कागदावर होईल. टेप काढला, चुना काढला, सहा बाय आठ मोजून पांढऱ्या रेघा मारल्या, अन् स्टॅम्प नसलेला पन बाकी पक्का करारनामा लिहला. ऐका: पूर्वेस कपडे धुण्याचा दगड, पश्चिमेस शामराव यांची भिंत, उत्तरेस मोटरपंप, दक्षिणेस सदरहू केशवराव यांची होणारी फरशी. कलम एक, बी विकत आणणार नाही. कलम दोन, ज्या झाडाचे मूळ हद्दीच्या आत, ते झाड व त्याचे उत्पन्न सुनयनाचे, त्यास कोणी हात लावणार नाही. मूळ बाहेर असल्यास उपटण्यात येईल. कलम तीन, दसऱ्याच्या दुपारी बारापर्यंत सदर जागेतून घरच्या एका जेवणाची भाजी निघाली पाहिजे, न निघाल्यास जागा खाली करून द्यावी व फकिराने फरशी टाकावी.

मी सही केली. बाबानं सही केली. साक्षीदार कोन? शामरावकाका. लक्षात ठेवा हे. स्वतःच्या पेननं सही केली त्यायनं, खाली दोन रेघा मारून.

मंग पेराले निघाली तं आई म्हने, उद्या नागपंचमी, मातीले हात लावाचा नाई. थांबली. एक दिवस थांबली, अन् त्या एका दिवसात आईनं गल्लीत सांगून टाकलं का आमची सुनयना उरलेल्या बियांची बाग करून राह्यली.

आता आपल्याकडची रीत तुमाले मालूम हाये. कोनी बिजवाई, म्हनजे पेराची बी, ओटीत टाकली तं नाई म्हनता येत नाई. फेकता येत नाई, शिजवता येत नाई. पेरा, नाईतर पुढच्याच्या ओटीत टाका. अन् उरलेली बी कोनाच्या घरात नसते सांगा? दरेक बाईच्या फडताळात एक तरी पुरचुंडी असतेच, तिले पुढची ओटीच भेटत नाई. ती भेटली!

वांकिडीवरून कुसुमआत्या आली, बसनं, फक्त एवढ्यासाठी. पदराची गाठ सोडली, राखेत घोळलेल्या बिया माझ्या ओंजळीत टाकल्या. म्हनलं, "आत्या, कशाच्या हायेत?" म्हने, "चांगल्या हायेत." समोरच्या भाग्यलक्ष्मी आंटी कॉफीच्या बाटलीत घेऊन आल्या, हळदकुंकवासहित. त्यायचं मराठी कसं, तुमी ऐकलं हाये ना? "सुनयना, हे घे गं. आमच्या अम्माच्या ऊरूमधले, गावातले. मस्त येते." काय येते ते नाई सांगितलं. शामरावकाकानं लिफाफा देला. त्यावर अक्षर काढलं होतं, 'उत्तम'. बस, उत्तम!

मी म्हनलं, चला, माझ्या अन् यायच्या मिळून पेरून टाकू, दाट तं दाट. पेरल्या. रोज सकाळी पुस्तक घेऊन तिथीच बसत होती, राज्यघटनेची कलमं पाठ करत. आठव्या दिवशी पाहते तं त्रेचाळीस मोड. अन् त्रेचाळीसच्या त्रेचाळीस एकसारखे! दोन जाड पानं, मधात केसाळ दांडी. म्हनलं हे कसं पालक हाये? आत्याले व्हिडिओ कॉल लावला. तिनं पाहलं, अन् जी हसत सुटली, फोन तिच्या हातातून निसटला, मले पंधरा मिन्टं त्यायच्या घरचा पंखाच दिसला.

"अवं बयताड पोरी," म्हने, "मेथी-पालक लोक पुडकंच्या पुडकं पेरतात. काही उरत नाई त्याचं. वेल मात्र दोनच लावतात. मंग मागं उरंल काय? दोडका, भोपळा, काकडी, कारलं, अन् परत दोडका!"

पोरींनो, चार वर्षं झाली मी रीझनिंग सोडवून राह्यली. हे रीझनिंग मले सुचलं नाई.

सहा बाय आठमधी त्रेचाळीस वेल. आता दरेकाचा सल्ला एकच, चार ठेव, बाकी उपट. बाबा म्हनले, आई म्हनली, फकिरा मिस्त्री तं रोज येऊन गिट्टीच्या ढिगावर बसाचा अन् म्हनाचा, "ताई, वेलाले जागा लागते. फरशीले काही लागत नाई." पन उपटू कोनाचा? रोज संध्याकाळी आंटी भिंतीवरून विचारत, "माझा कुठला गं?" आत्या फोनवर विचारे, "माहा कोनता?" काका विचारत, "उत्तम कुठी हाये?" मी कोनाच्या तोंडावर कोनाचा उपटू? अन् खरं सांगू, त्याहून जास्त म्हनजे मले रागच आला होता. सारे उपट म्हनून राह्यले ना, मंग एकही नाई उपटनार. मी म्हनलं, बाबा, कलम दोन वाचा. मूळ आत हाये.

अन् ते वेल निघाले. माती कशी काळीभोर, वरून पानी. आईची साडी वाळत होती, सकाळी तिच्या काठाले काकडीनं गाठ मारली, आई अर्धा तास ती गाठ सोडत बसली अन् मले बोलत बसली. बाबा लग्नाले तीन दिवस मुधोळले गेले, परत येऊन पाहतात तं स्कुटरच्या हँडलले भोपळा. ब्रेकसहित गुंडाळलेला. फकिरा कात्री घेऊन धावला. बाबानं हात धरला त्याचा. "थांब. मूळ हद्दीत हाये." अन् दोन आठवडे आमचे बाबा बाजारात पायी गेले, पन पानाले हात लावला नाई. कोनी विचारलं तं म्हनत, डॉक्टरनं चालाले सांगितलं.

शामरावकाकाचं सर्वात जास्त. एक वेल त्यायच्या भिंतीवरून गच्चीवर गेला, डिशले वेटाळला, अन् ऐन क्रिकेटमधी टीव्ही बंद. काय ओरडले, काय ओरडले! "अतिक्रमण हाये हे! मी लिहून देतो वरती!" रोज सकाळी तक्रार. अन् मंग एक दिवस एकदम बंद. तक्रार नाई, सल्ला नाई. उलट मले गोड बोलून म्हनले, "पोरी, अशा गर्दीत फळ धरत नसते. मन मोठं कर, सारं काढून टाक. दसऱ्यानंतर काढजो, घाई नाई." मले तवाच समजाले पाहिजे होतं. मानसाची तक्रार उगाच बंद होत नाई. पन मी फळाच्या चिंतेत होती.

कारन फळ नव्हतं ना! फुलं पाहा तं पिवळा जर्द कोपरा. पन सारी नराची फुलं. मी वाकून वाकून पाहो, कुठी फुलामागं बोटाएवढी काकडी दिसते का, दोडकं दिसते का. नाई. एक कारलं धरलं ते पिवळं होऊन गळलं. अन् दसरा आठ दिवसावर. फकिरानं सिमेंटच्या थैल्या आनून टाकल्या. मले जेवन जात नव्हतं. तुमाले वाटंल एवढ्याशा जागेचं काय, पन ती गेली तं त्या घरात पाय ठेवाले माती कुठीच राह्यत नव्हती. पुढं सिमेंट, बाजूले सिमेंट. अन् वरून बाबाचं ते हसनं मले जन्मभर ऐकू आलं असतं.

फुलांवर खुश फक्त एकच मानूस, भाग्यलक्ष्मी आंटी. बतुकम्माचे दिवस, फुलं रचाचा सन, त्यायले रोज भोपळ्याची फुलं पाहिजे, खाली मांडाले पानं पाहिजे. परडी घेऊन येत, "बंगारम गं तू, सोनं," म्हनत, अन् नेत. दसऱ्याच्या दिवशी सकाळी त्या आल्या, रिकाम्या हातानं कशा येनार, वाटीत चटनी घेऊन आल्या. "बीरकाय पच्चडी. फुलांचं बदल्यात."

आईनं चाखली. "दोडक्याच्या सालीची? कोवळा होता वो दोडका. बाजारात तं सारे जून येऊन राह्यले. कुठून आनला?"

"बाजारातला नाय. शामराव गारू दिले चार. टेरेस गार्डन केले ना त्यांनी."

आईनं वाटी खाली ठेवली. "शामरावच्या गच्चीवर? त्यायच्या गच्चीवर तुळस जगत नाई!"

मी वाटीकडं पाहलं. मंग भिंतीकडं. मंग त्या वेलाकडं जो डिशले गेला होता. साडेदहा झाले होते. मी इतक्या जोरात ओरडली का फकिरा गिट्टीवरून उठून उभा राह्यला.

बाबानं काही विचारलं नाई. टेप घेतला, करारनामा घेतला, देवघरातला लाल दोरा घेतला अन् निघाले. मागून मी, आई, आंटी, फकिरा. शामरावकाकानं बनियनवर दार उघडलं. बाबा म्हनले, "शामराव, गच्ची पाहाची हाये."

"आज? सनाचं?"

"मुआयना हाये, पाहनी."

गच्चीवर काय पाहावं माय! डिशपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सुतळीचा मांडव. कसा नीट, कसा तानून बांधलेला! अन् त्याले लटकून राह्यले दोडके. मी मोजले. अकरा. अन् मले खाली म्हनत होते का फळ धरत नसते!

काका पहिले लाजले, मंग चढले. "हो, हायेत! ऊन माझं, सुतळी माझी, हवा माझी! रोज दोन बादल्या पानी घातलं मी!"

मी म्हनलं, "काका, मूळ खाली अन् पानी गच्चीत काऊन घातलं?"

"तू गप. केशवराव, मूळ तुमच्या हद्दीत हाये हे कशावरून? माझ्या भिंतीच्या बुडाशीही माती हाये. वेल माझ्याच बुडातून आला असंल!"

आता हे बरोबर होतं, पोरींनो. भिंत अन् चुन्याच्या रेघेच्या मधात वीतभर जागा हाये, तिथी बी सांडली असंल तं गेलं सारं. मूळ बाहेर असल्यास उपटण्यात येईल. मीच सही केलेली.

बाबानं पहिल्या दोडक्याच्या देठाले लाल दोरा बांधला. अन् निघाले वेलाच्या मागं मागं. त्रेसष्ट वर्षांचा मानूस, गुडघेदुखी, नवा सदरा. दोरा सोडत सोडत टाकीवरून, डिशवरून, कठड्यावरून. मंग खाली येऊन आमच्या बाजूनं भिंत उतरले स्टुलावर चढून, अन् मंग त्या त्रेचाळीस वेलांच्या गुंत्यात चक्क रांगत शिरले. आमाले त्यायचे फक्त तळपाय दिसून राह्यले होते. फकिरा म्हनला, "सव्वाअकरा."

आतून आवाज आला, "टेप."

मी टेप देला. त्या आठ फुटाच्या बाजूनं मोजलं, दगडाकडून भिंतीकडं. परत मोजलं. मी पानं सारून आत पाहलं. दोरा जिथी संपला तिथी मूळ होतं, अन् चुन्याची रेघ पानी पडून पडून धुऊन गेली होती. पोरींनो, बाबा बाहेर म्हनले असते तं कोनाले दिसनार होतं? फरशी पाहिजे होती त्यायले. मिस्त्री दारात, सिमेंट दारात.

"सात फूट अकरा इंच," बाबा म्हनले. "आत हाये. एक इंच आत."

काका म्हनले, "एक इंचासाठी शेजारधर्म..."

"शामराव, एका इंचासाठी लोकायनं माझ्यासमोर कुऱ्हाडी काढल्या. तरी इंच इंचच राह्यला." बाबा बाहेर आले, डोक्यावर पिवळं फूल, सदऱ्याले चिखल. करारनामा उघडला. "अन् ही सही कोनाची? खाली दोन रेघा मारून?"

काकानं आपलीच सही अशी पाहली जशी कोन्या दुसऱ्याची हाये.

मंग निवाडा झाला. दोडके अकरा सुनयनाचे. सुतळीचे अन् मेहनतीचे म्हनून दोन काकाले. आंटीनं खाल्लेले चार माफ, कारन चटनी वापस आली. माझ्या वाट्याले नऊ. आईनं आठ चिरले, दान्याचा कूट घातला, अन् बाराले दहा कमी असताना ताटात भाजी होती. बाबा म्हनले, "मीठ कमी हाये." अन् तीनदा घेतली. काकाही जेवाले होते, आईनं बोलावलं. त्यायनं चारदा घेतली.

दुसऱ्या दिवशी फकिरानं फरशी टाकली. बाकी साऱ्या जागेत. माझे सहा बाय आठ सोडून. बाबा स्वतः उभे राह्यले, चार कोपऱ्यात चार दगड गाडून घेतले, वरून चुना. म्हनले, धुऊन जानारी रेघ मारली ही माझीच चूक होती. हसले नाई या खेपेले. मी पाहत होती.

काका आता सांगतात का बाग त्यायच्या मार्गदर्शनाखाली झाली. सांगू द्या.

अन् नववा दोडका? तो मी वेलावरच ठेवला, वाळू देला. असा सुकला का हलवला तं खुळखुळा. काल फोडला. एकशे सात बिया निघाल्या. माझी जागा केवढी? अन् पुढच्या वर्षीचा प्लॅन मी अजून लहान केला हाये, भिंतीवर नाई चिकटवला. दोडक्याचे दोनच वेल.

म्हनजे उरल्या किती? काढा ना, गनित तुमचंच चांगलं हाये.

ए, उठता कुठी? क्लासले अजून पाच मिन्टं हायेत. बसा. ओढन्या पसरा. पसरा म्हनते ना! सनाची नाई, सुदीची नाई, चहाच्या टपरीवरची का होईना, बिजवाई हाये. नाई म्हनाची रीत नाई.